चावी हाती येईपर्यंत पैसे कोणाकडे? टस्कनीतील एका भाड्याच्या घराचे प्रकरण

२०२५ च्या जून महिन्यातील दुसऱ्या आठवड्यात आमच्या ठाण्याच्या सोसायटीतील एक शेजारी, ज्यांना लहानथोर सगळे काकाच म्हणतात, रात्री नऊच्या सुमारास दोन छापील कागद घेऊन माझ्याकडे आले. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झालो असल्याने परदेशी पैसे पाठवण्याचा विषय निघाला की सोसायटीतील लोक माझी बेल वाजवतात, त्यात नवल नव्हते. "अहो, उद्या सकाळी जावईबापू टीटी करणार आहेत. फॉर्म भरण्याआधी एकदा नजर टाका, एवढेच," असे म्हणून त्यांनी ते कागद टेबलावर ठेवले. टीटी म्हणजे बँकेमार्फत परदेशातील खात्यात थेट पैसे पाठवणे. ते प्रकरण पुढे साडेचार महिने चालले. त्यात कोणाचेही पैसे बुडाले नाहीत, आणि म्हणूनच ते लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण बुडालेल्या पैशांच्या हकीकती पुष्कळ वाचायला मिळतात, पण पैसे कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कारणाने थांबवले गेले हे सहसा कोणी सांगत नाही.

प्रकरणाची हकीकत

काकूंना सत्तर वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त भाऊबीज आटोपल्यावर, म्हणजे २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असे आठ रात्रींसाठी, सगळ्या कुटुंबाने इटलीत एकत्र राहावे असे ठरले होते. काका-काकू, थोरला मुलगा, सून, त्यांची दोन मुले, मुलगी आणि जावई असे आठ जण. हॉटेलच्या चार खोल्या घेण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेले एखादे घर घ्यावे, म्हणजे काकूंना सकाळचा चहा आणि मुलांना वरण-भात मिळेल, हा विचार अगदी योग्य होता. जावयांनी सुट्टीची घरे भाड्याने देणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळावर टस्कनी भागातील लुक्का शहराजवळच्या टेकडीवरील चार शयनगृहांचे घर शोधले. भाडे, साफसफाई आणि संकेतस्थळाचे शुल्क धरून एकूण ३,२४० युरो होत होते.

चौकशीचा पहिला संदेश पाठवल्यानंतर तासाभरातच घरमालकाचे उत्तर आले. संकेतस्थळाच्या दिनदर्शिकेत तुमच्या तारखा चुकून बंद झाल्या आहेत, त्यामुळे पुढचे बोलणे व्हॉट्सअॅपवर करू, आणि थेट व्यवहार केल्यास शुल्क वाचेल म्हणून मी हे घर २,८५० युरोंत देतो, असा त्याचा आशय होता. मालक बोलायला फार गोड होता. त्याने बागेचे व्हिडिओ पाठवले, काकूंच्या वाढदिवसासाठी केक मागवून ठेवतो असे सांगितले, आणि विश्वास बसावा म्हणून स्वतःच्या पासपोर्टच्या पानाचा फोटोही पाठवला. जावई माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातले, चार देश फिरलेले; तरी त्या पासपोर्टच्या फोटोने त्यांचे समाधान झाले होते. मला विचाराल तर भाडेकरूने न मागता मालकाने स्वतःचा पासपोर्ट पाठवणे हीच खटकण्याजोगी गोष्ट होती, कारण कोणाचाही पासपोर्ट कोणाच्याही फोनमध्ये असू शकतो. हॉटेलांच्या काउंटरवर आपण सगळेच तो देत आलो आहोत.

कागद काय सांगत होता

काकांनी आणलेल्या दोन कागदांपैकी एक देयक होते आणि दुसरा भाडेकराराचा इंग्रजी मसुदा. देयकावर बँक खात्याचा आयबॅन होता. युरोपातील खात्यांना असणारा हा लांबलचक क्रमांक माझ्या नोकरीत रोज डोळ्यांखालून जात असे, त्यामुळे पहिली नजर तिथेच गेली. आयबॅनची पहिली दोन अक्षरे देशाची असतात आणि त्यापुढचे दोन अंक पडताळणीचे असतात. इटलीचा आयबॅन ‘आयटी’ने सुरू होतो आणि एकूण २७ वर्णांचा असतो. समोरचा आयबॅन ‘एलटी’ने, म्हणजे लिथुआनियाच्या अक्षरांनी सुरू होत होता आणि २० वर्णांचा होता. घर लुक्काचे, मालक इटालियन, आणि खाते मात्र बाल्टिक समुद्राच्या काठावरील एका देशात.

एवढ्यावरून कोणाला लबाड ठरवणे चूक ठरेल. लिथुआनियाच्या परवान्यावर चालणाऱ्या अनेक ऑनलाइन पेमेंट संस्था आहेत आणि युरोपभरचे सज्जन लोक त्यांची खाती वापरतात. इतकेच नव्हे, तर खाते युरोपीय संघातील दुसऱ्या देशाचे आहे एवढ्या कारणावरून ते नाकारू नये असा तिकडे २०१२ पासून नियमच आहे. पण खात्यावरील नावही मालकाचे नव्हते, ते कंपनीसारखे दिसणारे तिसरेच नाव होते. भारतातून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, पैसे पाठवताना समोरची बँक प्रामुख्याने खाते क्रमांक पाहून जमा करते. फॉर्मवर आपण लिहिलेले नाव त्या खात्याच्या नावाशी जुळते की नाही हे पैसे निघण्यापूर्वी आपल्याला कोणी सांगत नाही. पडताळणीचे ते दोन अंकसुद्धा फक्त क्रमांक टाइप करताना चूक झालेली नाही एवढेच सिद्ध करतात, खाते कोणाचे आहे हे नाही. काउंटरवर बसणाऱ्या नवशिक्या अधिकाऱ्यांचाही इथे घोटाळा होतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

दुसरी विसंगती अधिक बोलकी होती. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला सीआयएन नावाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो. तो प्रत्येक जाहिरातीत छापावा लागतो आणि घराच्या बाहेरही लावावा लागतो. या क्रमांकात ‘आयटी’ या अक्षरांनंतर येणारे सहा अंक त्या गावाचे सरकारी सांकेतिक अंक असतात, आणि त्यांतले पहिले तीन प्रांताचे असतात. लुक्का प्रांताचा अंक ०४६ आहे, फ्लॉरेन्सचा ०४८. काकांच्या कराराच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या क्रमांकात होते ०४८. म्हणजे कोणीतरी फ्लॉरेन्सकडच्या एखाद्या घराचा क्रमांक उचलून लुक्काच्या घराच्या कागदावर चिकटवलेला होता, किंवा कागद तयार करताना अक्षम्य निष्काळजीपणा झालेला होता. मी काकांना पेन्सिलीने त्या तीन अंकांखाली रेघ ओढून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जावई आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असा होता की, म्हणजे हा माणूस फसवाच आहे का. हा प्रश्न स्वाभाविक असला तरी या प्रकरणात तो मला गैरलागू वाटला. मालक खरा की खोटा हे ठाण्यात बसून ठरवणे शक्य नव्हते आणि ते ठरवण्याची गरजही नव्हती. तो खरा असला तरी निष्काळजी असू शकत होता, कर्जात बुडालेला असू शकत होता, ऑक्टोबरपर्यंत घर विकून मोकळा झालेला असू शकत होता. ठरवायचे होते ते वेगळेच: जूनमध्ये दिलेले पैसे ऑक्टोबरमध्ये चावी हातात पडेपर्यंत कोणाच्या ताब्यात राहणार, आणि चावी मिळाली नाही तर ते ओढून आणण्याचा दोर कोणाच्या हातात असणार?

सवलतीचा हिशेब

घरच्यांना जो आकडा मोह घालत होता तो आधी प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक होते. सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा धरला. संकेतस्थळावरून ३,२४० युरो काकांच्या क्रेडिट कार्डाने भरले असते, तर साडेतीन टक्के परकीय चलन अधिभार म्हणजे ११,३४० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे २,०४१ रुपये, असे एकूण ३,३७,३८१ रुपये पडले असते. थेट टीटीने २,८५० युरो पाठवले असते, तर बँकेच्या विक्री दरातील फरक आणि स्विफ्टचा खर्च मिळून पाच-साडेपाच हजार धरून सुमारे २,९०,५०० रुपये. फरक जवळपास ४७ हजारांचा. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या माणसाला ४७ हजारांकडे पाठ फिरवायला सांगणे सोपे नाही, आणि मी तसे सांगितलेही नाही.

परंतु या हिशेबातून एक ओळ सुटली होती. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, परंतु १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर वर्षभरात पाठवलेल्या रकमांची बेरीज दहा लाख रुपयांपलीकडे गेली की पर्यटनासारख्या कारणासाठी पाठवलेल्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा प्राप्तिकर, बँक कापून घेते. जावयांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीत शिकायला जाणाऱ्या धाकट्या भावाच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (तिकडच्या राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच जमा ठेवण्याच्या खात्यात) ११,९०४ युरो भरले होते. दहा लाखांची मर्यादा तिथेच संपलेली होती. म्हणजे सुट्टीच्या घराचे २,८५,००० रुपये पाठवताना त्यांच्या खात्यातून आणखी ५७,००० रुपये गेले असते. हा कर बुडीत नसतो. तो विवरणपत्रात वळता होतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून पगारदाराला तो कार्यालयात कळवून दरमहाच्या कपातीतही समायोजित करून घेता येतो. तरीही जूनमध्ये खिशातून जाणारी रक्कम वाचणाऱ्या रकमेपेक्षा मोठी होती, आणि ही गोष्ट घरात कोणाच्या लक्षात आलेली नव्हती. टीटी काकांच्या पॅनवरून केली असती तर हा प्रश्न आला नसता, हेही खरे. पण मग काकांनी स्वतः परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-टू फॉर्मवर सही करायची, आणि मूळ धोका होता तिथेच राहणार.

परत मागण्याचा हक्क

टीटीचे वैशिष्ट्य असे की ती पोहोचेपर्यंतच आपली असते. रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली की आपली बँक फक्त ‘रिकॉल’ची विनंती करू शकते, आणि खातेदाराने संमती दिली तरच पैसे परत येतात. माझ्या कारकिर्दीत मी अशा विनंत्या स्वतः पाठवल्या आहेत. चुकून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात गेलेले पैसे परत आलेले पाहिले, कारण ती कंपनी प्रामाणिक होती. पण ज्याने पैसे घेण्यासाठीच खाते उघडले आहे त्याची संमती मागणे म्हणजे बोक्याला दुधाची पावती मागण्यासारखे आहे.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली की ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे लोकांनी ऐकलेले असते. काकांनीही ऐकलेले होते. पण ते संरक्षण ग्राहकाच्या परवानगीविना, तिसऱ्याच कोणी केलेल्या व्यवहारांसाठी आहे. आपण स्वतः शाखेत जाऊन, फॉर्म भरून, सही करून पाठवलेले पैसे हे बँकेच्या दृष्टीने अधिकृत व्यवहारच असतात, मग आपल्याला ते पाठवायला कोणी कितीही गोड बोलून भाग पाडलेले असो. अशा वेळी १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी हे खरेच, परंतु पैसा देशाबाहेर गेलेला असल्यावर त्या तक्रारीचे बळ देशांतर्गत खाते गोठवण्याइतके राहत नाही.

क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी आहे. तिथे आपण, आपली बँक, कार्डाचे जाळे, व्यापाऱ्याची बँक आणि व्यापारी अशी साखळी असते आणि त्या साखळीला स्वतःचे नियम असतात. पैसे घेऊन सेवा दिलीच नाही, या कारणाखाली आपली बँक ‘चार्जबॅक’, म्हणजे पैसे परत मिळवण्याचा दावा, दाखल करू शकते. व्हिसा या कार्ड-जाळ्याच्या नियमांत त्यासाठी सर्वसाधारणपणे १२० दिवसांची मुदत असते, आणि सुट्टीच्या घरांच्या बाबतीत कळीचा मुद्दा हा की सेवा पुढच्या तारखेला मिळायची असेल तर ती मुदत पैसे भरल्याच्या दिवसापासून नव्हे, सेवा अपेक्षित होती त्या दिवसापासून मोजतात. वरची मर्यादा व्यवहारापासून ५४० दिवसांची आहे. जूनच्या मध्यापासून १२० दिवस मोजले तर ते ऑक्टोबरच्या मध्यालाच, म्हणजे विमानात बसण्यापूर्वीच संपतात. कॉल सेंटरवरच्या मुलाने असा हिशेब सांगितला आणि ग्राहकाने तो मान्य करून फोन ठेवला, असे घडू शकते. म्हणून ही ओळ मी जावयांना वहीत लिहून दिली.

चार्जबॅक म्हणजे रामबाण नव्हे. परत न मिळणाऱ्या दराने घर घेतले आणि आपणच गेलो नाही, तर तक्रार टिकत नाही. पुरावे लागतात: जाहिरातीचे स्क्रीनशॉट, संभाषण, व्यापाऱ्याकडे आधी दाद मागितल्याची नोंद. डेबिट कार्डालाही हे नियम लागू होतात, पण तिथे भांडण चालू असताना आपल्या बचत खात्यातले पैसे आधीच गेलेले असतात. शिवाय मालकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या कुठल्याशा दुव्यावर कार्ड वापरणे म्हणजे कार्डाचे संरक्षण घेणे नव्हे. व्यापारी म्हणून त्या दुव्यामागे कोण नोंदलेला आहे यावर सगळे अवलंबून असते.

मोठ्या संकेतस्थळांतून व्यवहार करण्याचा खरा लाभ इथे दिसतो. एअरबीएनबीसारखी कंपनी पाहुण्याकडून पैसे आधी घेते, पण घरमालकाला ते साधारणपणे पाहुणा दाखल होण्याच्या वेळेनंतर २४ तासांनी सोडते, आणि घरात काही गंभीर खोट आढळली तर ती ७२ तासांच्या आत कळवायची असते. म्हणजे चावी हाती येईपर्यंत पैसे तिसऱ्याच्या तिजोरीत राहतात. आपल्या गावाकडे जमिनीच्या सौद्यात विसार रक्कम दोघांच्या ओळखीच्या माणसाकडे ठेवण्याची रीत होती, तिचेच हे रूप. म्हणूनच संकेतस्थळाबाहेर पैसे देण्याचा आग्रह धरणारा मालक शुल्कातील सूट देऊ करत असतो तेव्हा त्याच्या बदल्यात तो तुमचा परत मागण्याचा हक्क विकत घेत असतो. या प्रकरणात त्या हक्काचा भाव ३९० युरो लावण्यात आला होता.

करारात ‘अनामत’ या अर्थी ‘कापारा’ हा इटालियन शब्द होता आणि त्यावरून थोरल्या मुलाला धीर आला होता, कारण त्याने वाचले होते की तिकडच्या दिवाणी संहितेच्या १३८५ व्या कलमानुसार, घेणाऱ्याने शब्द मोडला तर कापारा दुपटीने परत मागता येतो. कलम तसेच आहे. पण २,८५० युरोंसाठी लुक्काच्या न्यायालयात दावा लावायला ठाण्याहून कोण जाणार होते?

लंडनमध्ये नोकरीला असलेल्या काकूंच्या भाच्याने याच सुमारास सुचवले की मी माझ्या ब्रिटिश क्रेडिट कार्डाने पैसे भरतो, इथे कायद्याचे संरक्षण भक्कम आहे. त्याचे म्हणणे निराधार नव्हते. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीबाबत कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. परंतु त्यासाठी कार्डधारक, बँक आणि विक्रेता यांच्यात सरळ संबंध असावा लागतो. मध्ये संकेतस्थळ आले किंवा करार दुसऱ्याच्याच नावावर असला की तो धागा तुटू शकतो. त्याने बँक ट्रान्सफरने पैसे पाठवण्याचीही तयारी दाखवली होती, आणि तिथे फसवणुकीत गेलेले पैसे बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यावेत असा नियम ७ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. पण तो ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये झालेल्या व्यवहारांसाठी आहे, लिथुआनियातील खात्यासाठी नाही. भाच्याचे आभार मानून तो मार्ग सोडून देण्यात आला.

एक अडचण भारतीय प्रवाशांचीच म्हणावी अशी आहे, आणि तिनेच खरे तर सगळी घाई चालवली होती. इटलीसह बहुतेक युरोपात चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. त्यामुळे व्हिसा मिळण्याआधीच घर ठरवणे भाग पडते, आणि व्हिसा नाकारला गेला तर तेच घर गळ्यात पडते. मालकाने हे ओळखून, पूर्ण रक्कम मिळताच व्हिसासाठी शिक्क्याचे पत्र देतो असे कळवले होते. जागेचा पुरावा म्हणजे आरक्षण. पूर्ण पैसे भरल्याची पावती ही वेगळी वस्तू आहे, हे घरात कोणी वेगळे करून पाहिले नव्हते. आठ जणांपैकी एकाचाही व्हिसा अडला तर बेत बदलणार होता, म्हणून पैसे कसे भरायचे याच्या आधी विनामूल्य रद्द करण्याची तारीख पाहायला हवी होती.

निर्णय आणि पैसे भरल्याची रात्र

मालकाला माझ्या सांगण्यावरून एकच प्रश्न पाठवण्यात आला: तारखा संकेतस्थळावर पुन्हा खुल्या कराल का, आम्ही पूर्ण ३,२४० युरो तिथेच भरतो. सवलत नको, घर हवे, असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला खऱ्या मालकाने नाही म्हणण्याचे कारण नव्हते. उत्तरात त्याने सवलत आणखी १०० युरोंनी वाढवली. तिथे तो विषय संपला.

चार दिवसांनी त्याच परिसरातील ऑलिव्हच्या बागेतले एक शेतघर त्याच संकेतस्थळावर मिळाले. एकूण ३,१२० युरो, मुक्कामाच्या ३० दिवस आधीपर्यंत विनामूल्य रद्द, अर्धी रक्कम लगेच आणि अर्धी १० ऑक्टोबरला आपोआप. सीआयएनचे अंक ०४६ ने सुरू होत होते. जावयांच्या कार्डावर परकीय चलन अधिभार दोन टक्के होता, काकांच्या कार्डाच्या तुलनेत जीएसटी धरून सुमारे साडेपाच हजार रुपये कमी, म्हणून ते कार्ड ठरले.

पहिल्या प्रयत्नात व्यवहार नाकारला गेला, कारण रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांमुळे १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय वापर मुळात बंद असतो आणि तो आपणच अॅपमधून चालू करावा लागतो. जावयांनी तो चालू केला, मर्यादा दोन लाखांवर आणली. मग पडद्यावर दोन रकमा दिसल्या, एक युरोंत आणि एक रुपयांत, आणि रुपयांच्या पर्यायावर आधीच टिंब लावलेले होते. रुपये ओळखीचे म्हणून हात तिकडेच जातो, पण तो दर विक्रेत्याच्या बाजूने ठरलेला असतो, आणि परदेशी व्यापाऱ्याने रुपयांत रक्कम घेतली तरी अनेक भारतीय बँका वर आपले शुल्क लावतातच. टिंब युरोंवर हलवले. बटण दाबताच व्यवहार झाला. ओटीपी आलाच नाही. काकू दचकल्या. परदेशी विक्रेत्याने मागितला नाही तर ओटीपीशिवायही कार्ड चालते, हे त्यांना त्या रात्री कळले, आणि त्यांच्याच आग्रहावरून जावयांनी आंतरराष्ट्रीय वापराची कळ लगेच बंद केली. पुढच्या महिन्याच्या बिलात अधिभाराची ओळ होती, टीसीएसची नव्हती.

पैसे भरल्यानंतर

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काकूंच्या फोनवर व्हॉट्सअॅप संदेश आला. घराचे नाव बरोबर, तारखा बरोबर, माणसे आठ हेही बरोबर. कार्डाची पडताळणी अपुरी राहिली आहे, २४ तासांत खालील दुव्यावर रक्कम पुन्हा भरा, ती लगेच परत केली जाईल, अन्यथा आरक्षण रद्द होईल. घरमालकाच्या संगणकात शिरून आरक्षणांची यादी उचलायची आणि पाहुण्यांना असे संदेश धाडायचे, ही तऱ्हा आता जगभर माहीत झालेली आहे, पण ज्याच्या हातात स्वतःच्या सहलीचे तपशील असलेला संदेश येतो त्याला ती त्या क्षणी आठवत नाही. काकूंनी कार्ड शोधायला घेतले होते. सुदैवाने कार्ड जावयांकडे होते. त्यांनी दुव्याला हात न लावता संकेतस्थळाचे अॅप उघडले. तिथे आरक्षण बिनघोर उभे होते. संदेश पुसण्यात आला आणि घरात सर्वांना ताकीद मिळाली की यापुढे अशा संदेशांकडे कोणी लक्ष द्यायचे नाही.

ही ताकीदच पुढे अंगाशी आली. ११ ऑक्टोबरला जावयांना ईमेल आला की दुसरा हप्ता जमा झालेला नाही, ठरावीक मुदतीत भरला नाही तर आरक्षण रद्द होईल. त्यांनी तो फसवा समजून बाजूला टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच ईमेल आला, तोही टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेट झाली तेव्हा हसत हसत त्यांनी मला ते सांगितले. मी एवढेच विचारले की, जूनमध्ये बंद केलेली कळ पुन्हा चालू केली होती का? ते तिथेच पायरीवर थांबले. कळ बंद होती, त्यामुळे बँकेने हप्ता खरोखरच नाकारला होता आणि ईमेल शंभर टक्के खरा होता. त्यांनी त्यातल्या दुव्यावर न जाता अॅप उघडले, लाल अक्षरांतली सूचना पाहिली, कळ चालू केली आणि हप्ता भरला. मुदत संपायला सहा तास उरले होते.

या दोन प्रसंगांवर मी नंतर बराच विचार केला. खोटा संदेश आणि खरा संदेश शब्दांत जवळजवळ सारखेच होते. घाई दोन्हीकडे होती, रद्द करण्याची धमकी दोन्हीकडे होती. संदेश वाचून तो खरा की खोटा हे ओळखण्याचे जे धडे आपल्याला दिले जातात, व्याकरण बघा, स्पेलिंग बघा, त्यांचा इथे काही उपयोग झाला नसता. दोन्ही वेळा निवाडा झाला तो संदेशाबाहेर, अॅपच्या आत.

२५ ऑक्टोबरला दुपारी ते शेतघरी पोहोचले. मालकीणबाईंनी पर्यटक कराचे थोडे युरो रोख मागितले आणि घर गरम ठेवण्याचा खर्च मीटर पाहून शेवटी घेईन असे सांगितले. दोन्ही गोष्टी जाहिरातीत आधीच लिहिलेल्या असल्याने कोणाची भुवई उंचावली नाही. सामान गाडीतच होते, नातवंडे बागेत पळाली होती, आणि काका मात्र फाटकापाशी उभे होते. तिथे दगडी खांबावर एक लहानशी पाटी होती. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, चष्मा कपाळावर चढवला, आणि आयटी, शून्य, चार, सहा असे एकेक अक्षर बोटाने पाटीवर आणि कागदावर लावून पाहत शेवटपर्यंत गेले. मग पाटीचा फोटो काढून त्यांनी मला पाठवला. खाली लिहिले होते, "जुळला. आता बॅगा काढतो."